फॉरमॅट मारणार न्हाई!

दुकान टाकलं तेव्हा वाटलं होतं, आपल्याकडं बंद पडलेले कॉम्प्युटर साचतील. कॉम्प्युटर लोक घेऊन गेले, किस्से मात्र आमच्याकडंच राहिले! दोन हजार सालानंतरची गोष्ट. हिंगोलीच्या बसस्टँडजवळ आमचं दोघींचं दुकान होतं. मी टायपिंग शिकवायचे आणि माझी मैत्रीण सुनंदा मशीन दुरुस्त करायची. बंद पडलेल्या मशीनमध्ये सिस्टिमची सीडी घालून ते पुन्हा चालू करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण एका बाईला हे येतं, हेच लोकांना पटायचं नाही!

*

पहिलंच गिऱ्हाईक. औंढ्याहून एक काका बसमधून सीपीयू मांडीवर घेऊन आले.

"बाई, मिस्त्री कवा येतील?"

"आल्यात. बसा," सुनंदा म्हणाली.

तिनं सीडी घातली, तासाभरात मशीन चालू करून पुढ्यात ठेवलं. काका अजून दाराकडंच बघून राहिलेले! शेवटी हळूच मला म्हणाले, "मिस्त्री मागल्या दारानं येऊन गेले का?"

*

शिरड शहापूरचा एक फोटोग्राफर होता. मशीनसोबत आलेली रिकव्हरी सीडी त्याच्या वडलांनी ज्वारीत टांगली होती. पाखरं भ्यावीत म्हणून!

"जा, काढून आण," सुनंदानं फर्मावलं. आणलेल्या सीडीवर ओरखडेच ओरखडे. तिनं ती साबणानं धुतली, टूथपेस्ट लावून घासली. तिसऱ्या खेपेला मशीननं ती वाचली.

काम झालं तरी गडी घुटमळतोय. "ताई, सीडी वापस देता का? अण्णा म्हणून राहिले, पाखरं लई झाली."

सुनंदानं त्याच्या हातात दुसरीच ठेवली. "ही गाण्यांची ने. पाखरायला काय फरक पडतो!"

*

सिस्टिम टाकायला तास लागायचा आणि पन्नासाव्या मिनिटाला लाइट जायची. तिसऱ्यांदा गेली तेव्हा सुनंदा उठलीच. समोरच्या मंगल कार्यालयात लग्न होतं आणि जनरेटर चालू होता. आम्ही दोघी सीपीयू-मॉनिटरसकट आत! पंगतीशेजारी वायर जोडली आणि सीडी घातली.

नवरीच्या मामांनी अडवलं. "तुमी नवरीकडल्या का नवरदेवाकडल्या?"

"कॉम्प्युटरकडल्या!"

मामांनी दोघींना जेवायलाच बसवलं.

*

सुनंदाचे वडील मेंढरं राखायचे. एकदा दुकानात येऊन तासभर बघत बसले.

"नेमकं काय करून राहिली तू?"

"वाट चुकलेलं मशीन वाटंला लावते, आबा."

"मंग आपली मेंढरं काय वाईट व्हती?"

"मेंढरायला माझी खात्री व्हती, आबा. माणसायला पटवायचंय!"

*

एका शाळेचं मशीन ऐन शेवटच्या दिवशी बसलं. दहावीच्या फॉर्मच्या याद्या त्यातच आणि त्या संध्याकाळपर्यंत पाठवायच्या. नांदेडहून आलेल्या इंजिनिअरनं सांगून टाकलं, "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे सगळं पुसणार! शिपायानं आमचं नाव सुचवलं. हेडमास्तरांनी नाइलाजानं बोलावलं.

"मॅडम, मी बघितलंय," इंजिनिअर म्हणाला. "दुसरा इलाज नाही."

"फॉरमॅट मारणार न्हाई! पोरायचं वर्ष हाय यात," सुनंदा म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

सीडी घातली. एक बटण दाबलं की सगळं पुसून नवीन सिस्टिम, दुसरं दाबलं की आहे तीच दुरुस्त. तिनं दुरुस्तीचं दाबलं. पाऊण तास मशीन घरघरत राहिलं. मग पडदा उजळला. याद्या जशाच्या तशा! इंजिनिअर मुकाट्यानं बॅग भरायला लागला.

हेडमास्तर हरखले. "कमाल केली तुम्ही! कुठं शिकलात हे?"

"इथंच, सर. तुमच्याच शाळेत."

"आमच्या? अहो, पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तर आम्ही पोरींना त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकू देत नव्हतो!"

"व्हय, सर," सुनंदा म्हणाली. "खिडकीतून शिकले."