चावीच्या पलंगाची झालर

आमच्या कुसुमचं काटोलचं स्थळ पलंगाच्या झालरीमुळे हातचं गेलं, आणि ती झालर माझ्या हौसेची होती.

कुसुम म्हणजे माझी धाकटी नणंद. पलंग माझ्या सासऱ्यांचा. त्यांना मी मामाजी म्हणायची. सौंसरच्या शाळेत ते हेडमास्तर होते. त्यांच्या छडीची आठवण काढून चाळिशी ओलांडलेली माणसंसुद्धा हात मागे घ्यायची. पेन्शन घेऊन पांढुर्ण्याला आले आणि वर्षभरात त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड थोडं वाकडं झालं. बोलणं शिल्लक राहिलं, पण शब्द ओले होऊन बाहेर पडायचे. आडवं झालं की त्यांना ठसका लागे. मग पाठीमागे उशा रचायच्या आणि त्या उशा घसरल्या की पुन्हा रचायच्या, यात माझा आणि आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, दिवस जायचा.

तेवढ्यात कळलं की सौंसरकडच्या एका मँगनीजच्या खाणीवरचा दवाखाना बंद झाला आणि तिथलं सामान विकायला काढलं आहे. साहेब लोक स्वराज्य आल्यावरही काही वर्षं रेंगाळले होते, ते आता खरोखरच निघाले होते. आमचे हे (शाळेत मास्तर, स्वभावाने भिडस्त) मला घेऊन तिकडे गेले आणि आम्ही एक लोखंडी पलंग घेऊन आलो. त्याला पायथ्याशी दोन दांडे होते. एक फिरवला की डोक्याकडची बाजू उठायची, दुसरा फिरवला की गुडघ्यांकडची. पांढुर्ण्यात अशी वस्तू कोणी पाहिली नव्हती, म्हणून आळीने त्याचं नाव 'चावीचा पलंग' ठेवलं. बैलबंडीतून पलंग उतरला तेव्हा आळीतली अर्धी माणसं आत येऊन दांडे फिरवून गेली. मामाजी त्यावर टेकून बसले, पहिल्यांदा न ठसकता चहा प्यायले आणि म्हणाले, "इंग्रज गेला थे बरं झालं. जाता जाता पलंग ठेवून गेला, थे बी बरं झालं."

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण मी त्या खाणीवर साहेबाच्या बंगल्यात डोकावले होते. मडमेच्या पलंगाला चारी बाजूंनी पांढरी झालर होती, थेट जमिनीपर्यंत. पलंगाखाली काय आहे ते कोणाच्या बापाला कळू नये अशी. आमच्या पलंगाखाली काय होतं? लघवीचं भांडं, पिकदाणी, तेलाच्या बाटल्या आणि गंजलेले चार पाय, त्यावर दवाखान्याचा नंबर रंगवलेला. मनातल्या मनात मी तेव्हाच झालर मोजायला लागले.

त्याच सुमारास राज्यांची वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही भोपाळच्या वाट्याला आलो. पांढुर्ण्यात बसून मराठी बोलणारी, नागपूरला दवाखाना आणि नागपूरलाच लग्नाचा बस्ता करणारी आम्ही माणसं एकदम परराज्यातली झालो. ह्यांचा चेहरा महिनाभर उतरलेला होता. ह्यांना वाटे, आता हिंदीतून व्याकरण शिकवावं लागणार.

आणि अशात कुसुमला हद्दीपलीकडच्या काटोलचं स्थळ आलं. मुलगा नागपूरला सरकारी नोकरीत होता. मुलाचे वडील वामनराव एके काळी सौंसरच्या शाळेत मामाजींचे विद्यार्थी होते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, लग्नानंतर मुलीला नागपुरात पुढे शिकवू, असं त्यांनी आपण होऊन कळवलं होतं. कुसुम मॅट्रिक झालेली होती. त्या चिठ्ठीची घडी उलगडून उलगडून तिने ती फाटायला आणली होती.

अडचण मामाजींची होती. (हे वाक्य मी आज जसंच्या तसं लिहिते, कारण तेव्हा मी ते तसंच म्हणाले होते.) लकवा रक्तातून उतरतो, असं लोक मानायचे. म्हणून पाहुण्यांना आम्ही कळवलं होतं की गुरुजींना 'जरा अशक्तपणा' आहे.

"अशक्तपणा म्हणता, अन् बैठकीत दवाखान्याचा पलंग मांडून ठेवता?" मी ह्यांना विचारलं. "त्याले झालर लावून टाकू. वर चांगली चादर, मामाजींच्या अंगावर शाल. पलंग उंच करून ठेवला की लोडाले टेकून बसल्यावाणी दिसतीन."

"बाबाले विचार," हे म्हणाले.

मी विचारलं नाही. मी कापड आणायला गेले.

आत्याबाईंना जाड पांढरी खादी हवी होती. मला लाल फुलांची छीट आवडली. "पाहुणे पोरीले पाहाले येऊन राहिले का पलंगाले?" एवढं विचारून आत्याबाईंनी माघार घेतली. मग सखाराम शिंपी मापं घ्यायला आला. त्याने टेप काढला, पलंगाभोवती एक चक्कर मारली आणि थांबला.

"बाई, उंची कोणती धरू? पलंग खाली असते तेव्हाची, का वर असते तेव्हाची?"

प्रश्न रास्त होता. मी मामाजींना वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं. त्यांनी डाव्या हाताने पलंगाची कड धरून ठेवली. सखाराम म्हणाला, "माहं ऐकसान तं झालर खालच्या चौकटीले बांधा. थे हालत नाही."

"अन् मंग वरचं लोखंड दिसन ना."

"लोखंड दिसलं तं दिसलं. पलंग लोखंडाचाच हाय."

मला शिंप्याकडून शहाणपण नको होतं. झालर वरच्या, हलणाऱ्या चौकटीलाच बांधायची असं मी ठरवलं. ती शिवून आली, बांधली, डोक्याकडची बाजू वर केली, तशी झालरही वर गेली आणि भांडं, पिकदाणी, बाटल्या सगळी रांगेने दर्शनाला बसली. म्हणून मी तिला खाली अजून हातभर पट्टी जोडायला लावली. पायथ्याशी दोन दांडे बाहेर काढायला सखारामने दोन काजं केली. एवढी मोठी काजं आपण जन्मात केली नाहीत, असं तो म्हणाला. आता पलंग वर केला की झालर बरोबर जमिनीला टेकायची. मी चार वेळा पलंग वर करून पाहिला आणि खूश झाले. खाली आणून मात्र एकदाही पाहिला नाही.

पाहुणे येण्याच्या दिवशी सकाळी मी मामाजींना शाल पांघरली, उजवा हात शालीत नीट दडवला आणि म्हटलं, "मामाजी, जास्त बोलू नका. नमस्कार केला का मान हालवाची. काही विचारलं तं 'बरं आहे' म्हणाचं. उजवीकडे पाहू नका, तोंड दिसते."

ज्यांनी तालुक्याला बोलायला शिकवलं, त्यांना मी हे सांगत होते. त्यांनी कुसुमकडे पाहिलं. ती दारात उभी होती. ते म्हणाले, "बरं आहे." मला वाटलं, काय छान सराव झाला.

वामनराव आणि त्यांच्या पत्नी पॅसेंजरने आले. वामनरावांनी मामाजींच्या पायांवर डोकं ठेवलं. मामाजींनी मान हलवली. कुसुम पोहे घेऊन आली, प्रश्न झाले, उत्तरं झाली. वामनरावांच्या पत्नीने खोलीभर नजर फिरवली आणि माझ्या झालरीवर थांबवली.

"छान हाय वं. कोठून घेतली?"

माझ्या पोटात साखर पडली. मी त्यांना कापड, काठ, शिलाई सगळं सांगत बसले. मामाजी घसरत होते ते मला दिसलं नाही. तासभर एकाच अवस्थेत बसून त्यांची पाठ भरून आली होती. शेवटी त्यांनी डाव्या हाताने पलंगावर टकटक केलं.

"पडायचं काय, मामाजी?" मी म्हटलं आणि पाहुण्यांकडे पाहून हसत दांडा फिरवायला बसले.

पलंग खाली यायला लागला. त्याबरोबर झालरही खाली आली, आणि जोडलेली हातभर पट्टी जायला जागा नाही म्हणून दांड्याला जोडलेल्या, पलंगाखाली फिरणाऱ्या लांबलचक स्क्रूत शिरली. दोन फेऱ्या झाल्या आणि दांडा जड झाला. मी जोर केला. अजून थोडं कापड आत गेलं आणि दांडा थांबला. मामाजी ना बसलेले, ना निजलेले. उलटा फिरवला तर उलटाही फिरेना. मी घाबरून दुसऱ्या दांड्याला हात घातला, तर गुडघे वर आले. मामाजी पुस्तकासारखे मिटायला लागले.

"अहो, इकडे या ना," मी ह्यांना म्हटलं.

हे आले आणि त्यांनी झालर धरून ओढली. पूर्ण उजवी बाजू टर्रकन फाटली. भांडं दिसलं, पिकदाणी दिसली, दवाखान्याचा नंबर दिसला. वर शाल सरकली आणि मामाजींचा उजवा हात पलंगाबाहेर येऊन नुसताच लोंबायला लागला.

वामनरावांच्या पत्नी त्या हाताकडे पाहत होत्या. मी भांडं पदराआड घेण्याचा प्रयत्न करत होते. (पदर लहान होता.)

तेव्हा मामाजी बोलले. "वामन, खाली बस."

पांढऱ्या मिशांचे वामनराव चटकन जमिनीवर मांडी घालून बसले.

"पायते काय? अडकित्ता घे. काप थे कापड."

वामनरावांनी सुपारीच्या तबकातला अडकित्ता घेतला आणि पलंगाखाली शिरून लाल फुलं कुरतडायला लागले. वरून मामाजी मिटल्या अवस्थेत सांगत होते, "लकवा हाय मले. अशक्तपणा गिशक्तपणा काही नाही. हात गेला, पाय गेला. पोरगी चांगली हाय. तिले पाहून ठरव."

"हो, गुरुजी," पलंगाखालून आवाज आला.

दांडा सुटला. वामनरावांनी स्वतः तो फिरवून मामाजींना सरळ निजवलं, लोंबणारा हात उचलून त्यांच्या छातीवर ठेवला आणि शाल पांघरली. त्यांचे डोळे भरले होते. बाईंचे कोरडे होते. जेवण झालं, पण बाईंनी दुसऱ्यांदा काही वाढून घेतलं नाही. निघताना कुसुमच्या हातावर नारळ ठेवला नाही.

त्या संध्याकाळी मी उरलेली झालर सोडत होते. मामाजींनी विचारलं, "सूनबाई, पलंग झाकून राहिली होती का मले?"

"पलंग," मी म्हटलं.

"मंग काय बोलाचं, काय नाही, थे पलंगाले सांगाचं होतं."

मी झालरीच्या चिंध्या गोळा करून आत घेऊन गेले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि त्या उन्हाळ्यात ते गेले.

पाहुण्यांची चिठ्ठी आठ दिवसांनी आली होती. वामनरावांनी फार सुंदर अक्षरात लिहिलं होतं. (अक्षराला वळण गुरुजींनीच लावलेलं.) लकव्याचा त्यात एक शब्द नव्हता. आता आपली राज्यं वेगळी झाली, मुलीचं शिक्षणाचं सर्टिफिकेट इकडे चालेल की नाही सांगता येत नाही, जाणं-येणं अवघड होईल, तरी क्षमा असावी, असा मजकूर होता. काटोल आमच्यापासून काही स्टेशनांवर होतं. त्याच गाडीने ते आले होते, त्याच गाडीने गेले होते.

ह्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. आत्याबाईंनी भोपाळला, दिल्लीला आणि नकाशे काढणाऱ्या सगळ्यांना ओळीने शिव्या दिल्या. कुसुमने चिठ्ठी मागून घेतली, एकदा वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, तुम्हाले बी हेच कारण वाटते?"

"हो," मी म्हटलं. "सरकारनं घात केला."

ती पुढे मोहगावला दिली. घर चांगलं आहे, संत्र्याची बाग आहे. पुढचं शिकायला म्हणून तिने जमवलेली पुस्तकं आमच्याकडे राहिली. त्यांना वाळवी लागली तेव्हा मीच ती उन्हात घातली.

नंतर आम्हाला महाराष्ट्रात घ्या म्हणून पांढुर्ण्यात सभा व्हायच्या. आळीतल्या बाया मला बोलवायला यायच्या. हे जायचे, आत्याबाई काठी टेकत जायच्या. मी काही ना काही निमित्त काढून घरीच बसायची. साऱ्या गावाला ती हद्द पुसायची होती. ती होती म्हणून काटोलचं स्थळ गेल्याबद्दल माझ्या घरात अजून कोणी माझं नाव घेत नव्हतं.