तोंडावरचं बोट

मुकुंदवाडीच्या अंगणवाडीतल्या मंजुळाबाईला गप बसलेलं पोर खपत नसे. कुणी गप दिसलं, की ती आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची! खोलीत खडूनं आखलेला एक मोठा गोल होता, तो म्हणजे कोकरांचा वाडा. सगळी पोरं त्यात बसायची. सुटायच्या वेळी आईनं दारातून नाव घेऊन हाळी दिली, की तिच्या कोकरानं "बँऽऽ" करायचं आणि पळत सुटायचं. मंजुळाबाई धनगराची लेक. रानातून परतलेली मेंढी एवढ्या गलक्यात आपलं कोकरू आवाजावरनं कसं हुडकते, हे बघतच वाढली. ज्याचा आवाज निघत नाही ते उपाशी राहतं. मंजुळाबाईचं सगळं शिक्षणशास्त्र एवढंच होतं.

तिची नात बानू तीन वर्षांची झाली तरी बोलेना. डॉक्टर झाले, नवस झाले. शेवटी बोलली ती त्याच गोलात, आजीच्या हाळीला "बँऽऽ" करून. त्या दिवशी मंजुळाबाईनं गल्लीभर साखर वाटली.

आणि आता लेक सूर्यभान वाळूजच्या कंपनीतली पाळी करून आला, तो बूट काढता काढताच म्हणाला, "आये, बानूला समोरच्या इंग्लिश नर्सरीत घालू. तिथं शिकवत्यात. तुझ्याकडं नुसता गोंधळ."

"गोंधळ व्हय रे? त्याच गोंधळात तुझी लेक बोलाया लागली! तिथं तोंडावर बोट ठेवून बसवत्यात. आत्ता कुठं उघडलेलं तोंड परत मिटलं म्हंजी?"

सूर्यभान खाली बघत म्हणाला, "कंपनीत इंग्रजी कागद आला की मी दुसऱ्याचं तोंड बघतो, आये. लई लाज वाटती. तिच्यावर ती पाळी नको."

लेकाचा उतरलेला चेहरा बघून मंजुळाबाईनं भांडण सोडून दिलं. बानू नर्सरीत गेली.

आठवडाभरात पोर मुकाट झाली. मुकाट जेवायची, मुकाट झोपायची. मंजुळाबाईच्या जिवाला घोर लागला. एका दुपारी ती तरातरा नर्सरीच्या फाटकाशी गेली, मॅडमला चार शब्द सुनवायचेच म्हणून. आत पोरं रांगेत उभी, तोंडावर बोट ठेवून. बानूही त्यांतच. पण ती तरणी मॅडम, वच्छला, खाली बसून एका रडक्याचं नाक आपल्या पदरानं पुसत होती. मेली वाईट असती तर भांडता तरी आलं असतं! मंजुळाबाई तशीच माघारी फिरली, आणि वाटेत तिला रडू कोसळलं.

संध्याकाळी बानू आजीच्या ओट्यावर खडू घेऊन आली. गोल आखला. आजीचा हात धरून तिला त्यात बसवलं.

"तोंडावर बोट," बानू म्हणाली.

जन्मात कुणा पोराच्या तोंडावर बोट ठेवू न दिलेल्या बाईनं निमूट बोट ठेवलं. बानूनं फरशीवर वाकडातिकडा ए काढला, बी काढला, मोठ्यानं म्हणून दाखवला. दारात उभा सूर्यभान ऐकत राहिला. मग बानूनं जवळ येऊन आजीचं बोट अलगद ओठांवरून काढलं.

"शाळा सुटली. आता बोलायचं," ती म्हणाली, आणि पळत दारात जाऊन बापाच्या पायाला धरून तिनं हाळी दिली, "मंजुळेऽऽ!"

मंजुळाबाईनं डोळे पुसत "बँऽऽ" केलं आणि दाराकडं पळत सुटली.