पडकं चर्च कुठाय ते सांगू नगा

आमच्या किलूरन पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चखालच्या गाव-वाड्यांत, ऑनर मलकेरिन नावाची सुईण होती. साठीची, हडकुळी, कुणावर विश्वास न ठेवणारी. पाद्रीबाबा ऊन चांगलं पडलंय म्हणाले तरी दारात येऊन आभाळ बघायची. पण पॅरिशमधल्या प्रत्येक बांधाचं, झऱ्याचं, खडकाचं नाव तिच्या तोंडात. मी तिचा शेजारी, फेलिम. आमच्या दोन घरांत भिंत एकच.

सरकारी शिपाई साखळ्या घेऊन जमीन मोजून गेले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सरकारी नकाशासाठी गावांची नावं लिहून घ्यायला टिग क्विल्टी आला. पायी, भिजक्या बुटांनी, काखेत वही. पॅरिशला हे नाव कशावरून पडलं, एवढंच विचारत हिंडायचा. बोलायचा आमच्याच भाषेत, आणि आमच्यापेक्षा सुबक. तिथंच ऑनरला संशय आला.

"इंग्रज असता तर परवडला असता," ती म्हणाली. "ह्यो आपल्या तोंडानं बोलतो आन् त्यांच्या हातानं लिवतो. आज नाव इचारतोय, उद्या जमीन कुणाची इचारंल. खरं कुणी सांगू नगा."

मग काय, पॅरिशभर थापांची चढाओढ लागली. एकानं नाव घोड्यावरून पडलं म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं राक्षसाच्या गुडघ्यावरून. शेवटी क्विल्टी ऑनरच्या उंबऱ्यावर येऊन टेकला. तिनं ताक दिलं, उकडलेला बटाटा दिला.

"काकू, किल म्हणजे चर्च. ऊरन साधूचं चर्च इथं कुठंतरी असणार. पडकं का होईना."

"मेंढरांनी खाल्लं."

"दगडाचं चर्च?"

"आमची मेंढरं लई उपाशी, बाबा."

तो हसला. "मग खूण उरली नाही, असंच लिहितो." वही मिटून तो पुलाच्या वाटेला लागला. वाटेत जमीनदाराचा कारभारी भेटला, त्यालाही त्यानं तेच सांगितलं.

कारभाऱ्यानं ते बाजाररस्त्यावर उभ्या उभ्या मला ऐकवलं, वर खूश होऊन. टेकडीवरचे दगड काढून कुंपणाची भिंत घालायची, हे त्याच्या मनात कधीचं होतं. इंग्रजांच्या चर्चचा पाद्री, रेक्टर, जुन्या चर्चची जागा म्हणून अडवत होता. आता सरकारी वहीतच चर्च नाही, तर अडवणार कोण? सोमवारी गाड्या लावतो म्हणाला.

मी ऑनरला सांगितलं. ती बसली होती ती उठलीच.

टेकडीवर काटेरी झुडपांच्या आत कमरेएवढी भिंत आहे, आणि मुठीएवढे पांढरे दगड. बाप्तिस्म्याचं पाणी पडण्याआधी गेलेलं मूल कबरस्तानात घेत नाहीत. बाप ते दिवस मावळताना इथं आणतो, पुरतो, दगड ठेवतो आणि घरी येऊन गप्प बसतो. त्याला कुणी विचारत नाही. त्यातली बहुतेक ऑनरच्या हातावरच गेलेली. दोन दगड तिचे स्वतःचे होते.

पुलाजवळ आम्ही क्विल्टीला गाठलं.

"माघारी चल," ऑनर म्हणाली.

"का? मेंढरांनी ओकलं?"

ती हसली नाही. टेकडीवर तिनं हातानंच काटे बाजूला केले. दगड बघून त्यानं टोपी काढली.

"कुणाची ही थडगी?"

तिनं एक कलंडलेला दगड सरळ केला. मग म्हणाली, "ज्यांच्यावर पानी पडलं न्हाई, त्यांची. नावं इचारू नगंस, ठिवलीच नव्हती."

त्यानं लिहिलं. तिनं त्याचं मनगट धरलं. "फेलिम, वाच."

मी वाचलं: ऊरनचं जुनं चर्च, पडकं; आत मुलांचं दफनस्थान.

"ह्यो फेलिम त्याच्या तंबाखूला भुलला असंल," ती माझ्याकडं बघून म्हणाली, आणि मला शाळेच्या मास्तरांना आणायला पिटाळलं. मास्तर धापा टाकत आले, त्यांनीही तेच वाचलं. तेव्हा कुठं मनगट सुटलं. क्विल्टीनं तोच मजकूर एका कागदावर उतरवला आणि जाता जाता रेक्टरकडे दिला.

सोमवारी गाड्या ओढ्याकडे वळल्या. कुंपणाची भिंत ओढ्यातल्या गोट्यांची झाली, वाकडीतिकडी.

गावातल्या बापांचं मात्र ऑनरशी बिनसलं. जे कुणी बोलत नाही, ते तिनं वहीवाल्याला दाखवलं. पुढच्या बाळंतपणाला दोघांनी शेजारच्या पॅरिशमधली सुईण आणली. ती बाई धसमुसळ्या हाताची निघाली. तिसरा मान खाली घालून ऑनरच्या दारात आला.

"येते," ती शाल घेत म्हणाली. "पर आधी पाद्रीबाबाला पानी घालाया बोलीवलंस का? न्हाई? मग हितं का हुबा ऱ्हायलास?"