मांजरीत आलेला सामुराई

सामुराईच्या या चित्रपटात दोन तासांत एकदाच तलवार निघते, ही गोष्ट मी सोसायटीत आधी कुणाला सांगितली नव्हती.

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दर महिन्याला एक चित्रपट दाखवतो. मागच्या दोन खेळांना लोक "कुकर लावायचाय" म्हणत मध्येच पसार झाले होते. त्यामुळे सेक्रेटरींनी सरळ सांगून टाकलं, "या वेळी माणसं टिकली तर ठीक. नाहीतर हॉल हाऊजीला." माझा जीव टांगणीला लागला. निवृत्तीनंतर मनापासून करावा असा हा एवढाच उद्योग मला उरला होता.

"अहो, मग एखादा विनोदी लावा ना," बायको म्हणाली.

"समीक्षकांनी याला डोक्यावर घेतलंय."

"समीक्षकांना घरी जाऊन कुकर लावायचा नसतो."

तरी मी सामुराईच आणला. तलवारबाजीच्या आशेने हॉल भरला. पहिल्या रांगेत माझी आई आणि तिच्या शेजारी रामभाऊ. (सोसायटी आहे तिथे पूर्वी रामभाऊंचा ऊस होता. पहिली रांग त्यांचीच, यावर वाद नाही.)

चित्रपट सुरू झाला. सामुराई घराचं छप्पर शाकारतोय आणि खाली त्याचा म्हातारा बाप बसलाय. बापाला आता मुलाचं नावही आठवत नाही. बराच वेळ दोघंही बोलेनात. हॉलमध्येही कुणी बोलेना! पुणेकर गप्प बसलाय म्हणजे तो कंटाळलाय, अशी माझी पक्की समजूत. आता एकेक जण उठणार, या धास्तीने मीच उठलो आणि समजावून सांगू लागलो.

"छप्पर म्हणजे त्याचा भूतकाळ, बरं का."

कुणी हूं की चूं केलं नाही. मी आवाज वाढवला. बाप जेवायला बसला तेव्हा मी भाताचा अर्थ सांगितला, वारा सुटला तेव्हा वाऱ्याचा. रामभाऊ डोळे चोळताना दिसले. झोप आली असणार! मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"रामभाऊ, जागे राहा. आता तलवार निघेल."

"जागाच हाय मी," ते म्हणाले. "तुमी बसा."

बसतो कसला! नेमक्या क्षणी कुणाचं लक्ष चुकू नये म्हणून मी पडद्यासमोर जाऊन बोट दाखवलं. तलवार माझ्या सदऱ्यावर निघाली आणि सदऱ्यावरच म्यानात गेली.

दिवे लागले. एकही माणूस उठून गेला नव्हता. रामभाऊंचे डोळे लाल होते.

"माझा बाबा शेवटी शेवटी असाच बघायचा माझ्याकडं," ते म्हणाले. "वळख नसायची, पर बघायचा."

मला भरून आलं आणि लाजही वाटली. लोक चित्रपटात बुडाले होते आणि मी काठावरून ओरडत होतो.

"चित्रपट सुंदर होता रे," आई म्हणाली. "तो सामुराई इतका गप्प का, तेही कळलं. तू त्याला बोलूच देत नव्हतास."

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे सभा घेतली. चित्रपट चालू राहावेत, असा ठराव एकमताने झाला. खेळ चालू असताना मी हॉलच्या बाहेर बसावं, असा दुसरा ठरावही झाला. सूचक माझी आई, अनुमोदक माझी बायको.