बंद कॉम्प्युटरवरून आलेलं कनेक्शन

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटलंय. घरी आई दृष्ट काढायला लागली की मी चप्पल घालून बाहेर पडायचे. पेशाने मी प्रोग्रामर. आमच्या कामात एखादी गोष्ट घडली की ती का घडली हे आज ना उद्या सापडतंच... हा एक प्रसंग सोडून.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दिल्लीतच वाढलेली. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे सरोजिनी नगरला क्वार्टर. रोज सकाळी चार्टर्ड बसने यमुना ओलांडून मी नोएडाला जायचे. तेव्हाचं नोएडा म्हणजे सेक्टरचे आकडे रंगवलेल्या पाट्या आणि त्यांच्यामागे रिकामे प्लॉट. आमचं ऑफिस एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, पहिल्या मजल्यावर होतं, खाली कपड्यांची फॅक्टरी. दिवसभर शिलाई मशीनची घरघर पायाखाली जाणवायची.

आम्ही मूठभर माणसं एक लायब्ररी लिहीत होतो. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे — इतर प्रोग्रामर जो आयता कोड वापरतात तो. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी सॉकेटमधून बोलतात, आणि ते बोलणं उघडं असतं. वाटेत कुणालाही ऐकू येईल असं. आमची लायब्ररी त्या सॉकेटवर एसएसएलचं आवरण चढवायची. आधी एकमेकांची ओळख पटवायची, याला हँडशेक म्हणतात, मग पुढचं सगळं बोलणं कुलूपबंद.

याचा मुख्य भाग लिहिला होता रियाझने. रियाझ मूळचा मिरजेचा. यूपीएससी करायला दिल्लीत आला, मुनिरकाच्या एका खोलीत राहून परीक्षा देत राहिला, काही जमलं नाही. तोवर कॉम्प्युटर क्लासला जाऊन त्यातच रमला. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. माझं मराठी ऐकून तो कपाळाला हात लावायचा. एकदा म्हणाला, "सॉकेटला आपण अस्तर लावतोय." मी विचारलं, "अस्तर म्हणजे?" त्याने आपलं जॅकेट उलटं करून आतलं कापड दाखवलं. "दिल्लीवाल्यांनो, धन्य आहात यार तुम्ही!"

आता थोडं तांत्रिक सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ओळख पटवायला प्रत्येकाची एक प्रायव्हेट की असते — एक प्रचंड मोठी संख्या. ती ज्याच्याकडे आहे तोच "मी रियाझ" असं सिद्ध करू शकतो. अंदाजाने ती कुणालाही काढता येत नाही, ते गणितच तसं आहे. रियाझची की फक्त एका फ्लॉपीवर होती आणि ती फ्लॉपी कायम त्याच्या शर्टच्या खिशात. आम्ही हसायचो तर म्हणायचा, "घराची किल्ली कुणी ऑफिसात ठेवतं का?"

जानेवारीत, धुक्याच्या एका सकाळी, ऑफिसला येताना त्याच्या स्कूटरला बसने उडवलं.

डोक्याला मार होता. ऑपरेशन झालं, पण शुद्ध आली नाही. हॉस्पिटलने त्याच्या वस्तू एका पिशवीत घालून माझ्याकडे दिल्या. पाकीट, घड्याळ, आणि ती फ्लॉपी. पार चुरा झालेली... आतली तबकडीसुद्धा फाटली होती.

मिरजेहून त्याची अम्मी आणि मामू आले. बाबांनी खटपट करून कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये त्यांची सोय केली. अम्मी रोज सकाळी हॉस्पिटलच्या बाकावर येऊन बसायच्या. मी ऑफिसच्या आधी तिथे डोकावायचे. दिवस जात राहिले. डॉक्टर चांगले होते, पण खोटी आशा दाखवणारे नव्हते. "देखिए, कुछ कह नहीं सकते," एवढंच ते रोज म्हणायचे.

अशाच एका दुपारी ऑफिसात मी टेस्ट सर्व्हरसमोर बसले होते. आमचा डेमो जवळ आला होता, आणि रियाझचं काम आता माझ्याकडे होतं. स्क्रीनवर एक नवीन कनेक्शन आलं. हँडशेक पूर्ण. ओळख पटली... आणि पुढे नाव — रियाझ.

मला आधी राग आला. वाटलं, कुणीतरी घाणेरडी मस्करी करतंय. कनेक्शन कुठून आलं तो पत्ता पाहिला तर रियाझच्याच कॉम्प्युटरचा. मी वळून पाहिलं. त्याचा कॉम्प्युटर माझ्या मागेच होता. बंद. वर प्लॅस्टिकचं कव्हर, त्यावर धूळ. मी उठून जवळ गेले. वीज आणि नेटवर्क, दोन्ही वायरी काढून टेबलावर गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

मी चोप्रा साहेबांना हाक मारली. चोप्रा साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, स्वतः जुने इंजिनियर. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "पुराना कनेक्शन होगा. उधर की मशीन बंद हो गई, इधर पता नहीं चला. होता है."

असं होतं, हे खरं. पण हे कनेक्शन आज, माझ्या डोळ्यांसमोर सुरू झालं होतं. शिवाय आमच्या लायब्ररीत रियाझने एक सोय केली होती. कनेक्शन शांत असेल तर सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने समोरच्याला विचारायचा की आहेस का? समोरून "आहे" असं उत्तर आलं, तेही त्याच कुलपातून, तरच कनेक्शन चालू राहायचं. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. सर्व्हरने विचारलं. उत्तर आलं.

साहेब खुर्चीत बसले.

मग आम्ही तपासायचं ते सगळं तपासलं. कुणी त्याचा पत्ता दुसऱ्या मशीनला दिलाय का, कीची आणखी कुठे कॉपी आहे का, आमच्याच कोडमध्ये खोट आहे का. काही सापडलं नाही. मी मुद्दाम खोटी की बनवून रियाझच्या नावाने आत शिरायचा प्रयत्न केला. लायब्ररीने मला दारातूनच परत पाठवलं. आणि तिकडे ते कनेक्शन चालूच. एक अक्षर पाठवत नव्हतं, काही मागत नव्हतं. फक्त विचारलं की उत्तर यायचं "आहे".

डेमोसाठी सर्व्हरवर नवीन व्हर्जन टाकायचं होतं. म्हणजे तो बंद करून पुन्हा सुरू करायचा. मी म्हटलं, "सर, प्लीज, इसको बंद मत कीजिए." कारण काय सांगणार होते मी? पण साहेबांनी कारण विचारलंच नाही. "रहने दो इसको. डेमो दूसरी मशीन पे कर लेंगे." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी काढून नेहरू प्लेसहून नवीन यूपीएस घेऊन आले, कारण नोएडाची वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता.

त्याच आठवड्यात मामूंनी ठरवलं की रियाझला मिरजेला न्यायचं. आपल्या माणसांत तरी असेल, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर म्हणाले होते की एवढा प्रवास त्याला झेपेलच असं नाही, पण इथेही ते काही आश्वासन देऊ शकत नव्हते. ॲम्ब्युलन्सवाल्याशी बोलणं झालं होतं. मी पोचले तेव्हा अम्मी त्याचे कपडे घडी करत होत्या.

मी त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. सॉकेट, की, हँडशेक... निम्मे शब्द इंग्रजी, निम्मे हिंदी. मामू माझ्याकडे असे बघत होते, जणू मलाच ॲडमिट करायला हवं. अम्मींनी मात्र हातातला शर्ट मांडीवर ठेवला.

"म्हणजे बघ पोरी, मी फोन लावलाय. तिकडनं कुणीतरी उचललाय. बोलत नाही, पण ठेवलापण नाही. असंच ना?"

"हो अम्मी. अगदी असंच."

"आणि तो आपला रियाझच आहे, हे कशावरनं?"

"दुसरं कुणी असूच शकत नाही. तेवढं मी पक्कं सांगू शकते."

त्यांनी तो शर्ट घडी न घालता बाजूला ठेवला. मग मामूंना म्हणाल्या, "भाईजान, गाडी नको म्हणून सांगा. पोरगं फोनवर असताना मी कशी उठू?"

मामू रागावून बाहेर गेले. माझ्या एका वाक्यावर या बाईने मुलाचा मुक्काम ठरवला होता. उद्या काही बरंवाईट झालं, तर मामूंना तोंड कसं दाखवायचं? त्या दिवसापासून ऑफिसात पोचल्यावर मी पर्स ठेवायच्या आधी सर्व्हरकडे धावायचे.

शनिवारी आमचा हाफ डे असायचा. सगळे निघायच्या तयारीत होते. मी शेवटचं म्हणून स्क्रीनकडे पाहिलं, आणि माझ्यासमोर ते कनेक्शन बंद झालं.

मी झटकन नोंदी पाहिल्या. मग लक्षात आलं की ते तुटलं नव्हतं. वायर ओढली, मशीन मेली, तर कनेक्शन अर्धवट तुटतं आणि लायब्ररी एरर देते. इथे एरर नव्हती. समोरून क्लोज नोटिफायचा संदेश आला होता. म्हणजे रीतसर कळवून, "माझं झालं, आता बंद करतोय" असं सांगून बंद केलेलं कनेक्शन. पण रीतसर निरोप घेणं म्हणजे काय... तेच मला कळत नव्हतं. निरोप तर जाणारा माणूसही घेतो.

हॉस्पिटलचा फोन सारखा एंगेज. मी खाली धावले. पहिला ऑटोवाला यमुनेपलीकडे दिल्लीत यायला तयार नाही, दुसऱ्याच्या ऑटोत मी न विचारताच बसले. रस्ताभर मी अम्मींना काय सांगायचं ते जुळवत होते आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

वॉर्डाबाहेर मामू दिसले. भिंतीला टेकून, रुमालात तोंड लपवून रडत होते. माझे पाय तिथेच थांबले. त्यांनी मला पाहिलं, पुढे येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जा आत. डोळे उघडलेत त्याने. पाणी मागतोय."

तो नीट बोलायला लागल्यावर, बऱ्याच दिवसांनी, मी त्याला विचारलं काही आठवतंय का. तो म्हणाला, "अंधार. आणि सारखं कुणीतरी विचारायचं, आहेस का, आहेस का. झोपू देईनात यार! मी आपला सांगत राहायचो — आहे बाबा, आहे." तेव्हा त्याला मी कनेक्शनचं काहीच सांगितलं नव्हतं. अम्मींनीही नाही, मी त्यांना नंतर शपथ घालून विचारलं.

यावर तुम्ही म्हणाल, तो कोड त्यानेच लिहिला होता, ते शब्द डोक्यात घोळत राहिले असतील. असतील. पण बंद मशीन, फाटलेली फ्लॉपी? मी पुढे नोकऱ्या बदलल्या, बाहेरच्या देशांतल्या जाणकारांनाही विचारलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, "तुझ्याकडून काहीतरी पाहायचं राहिलं असणार." असेलही. मला ते अजून सापडलेलं नाही.

माझ्याहून जास्त अविश्वास खुद्द रियाझला होता. काठी टेकत ऑफिसला यायला लागला, आणि पहिलं काम काय केलं? आपलाच कोड तपासायला घेतला. ओळ न् ओळ. माझ्या प्रत्येक म्हणण्यावर "बिल्कुल शक्य नाही" म्हणायचा आणि पुन्हा वाचायला लागायचा. एका दुपारी त्याने खुर्ची मागे सरकवली.

"सुजाता, चूक नाहीये कुठे."

"मग?"

तो काठी टेकत खिडकीशी गेला. खाली फॅक्टरीची जेवणाची सुट्टी झाली होती, बायका उन्हात डबे उघडून बसल्या होत्या. "माहीत नाही," तो म्हणाला. "चल, खाली ऊन चांगलं पडलंय. थोडं चालून येऊ. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय."