समोरच्या खोलीतलं टेलिफोन एक्स्चेंज

थ्रॅपलो गावातल्या आमच्या घराची समोरची खोली आमची नव्हतीच. तिथे अख्ख्या गावाचं टेलिफोन एक्स्चेंज होतं आणि ते चालवायची माझी डॉर्कस आत्या, बाबांची थोरली बहीण. खिडकीशी उंच लाकडी बोर्ड होता आणि त्यावर प्रत्येक घराचं एक इवलंसं झाकण. कुणी फोन उचलला की त्याचं झाकण पडायचं. आत्या तिथे वायर खोचून म्हणायची, "बोला." रात्री कुणाचा फोन आला की तिच्या पलंगाशेजारची घंटा वाजायची आणि ती उठून बोर्डाशी यायची.

नंबर कुणी सांगतच नसे.

"डॉर्कस, जरा डॉक्टर दे गं."

"ते आत्ताच पार्ट्रिजबाईंकडे गेलेत. तिथेच जोडते, थांब."

एकदा आत्या तापानं फणफणली, म्हणून माझी आई, मेबल, बोर्डावर बसली. तिनं पाद्रीसाहेबांचा फोन नेमका खाटकाला जोडला. पाद्रीसाहेब बाळाच्या बाप्तिस्म्याचं बोलत होते आणि खाटीक विचारत होता, "वजन किती भरेल?" आई पुन्हा त्या खुर्चीत बसली नाही. त्यामुळे आम्ही उन्हाळ्यात वेल्सच्या समुद्रावर जायचो, तेव्हाही आत्या घरीच.

टेकडीपलीकडे सेथ वुल्रिज राहायचा. विधुर, शेतकरी, बोलायला महाकंजूष. रोज संध्याकाळी धारा काढून झाल्या की त्याचा फोन यायचा.

"मिस बेव्हन, किती वाजले?"

"सहा वाजून गेले, मिस्टर वुल्रिज."

"बरं."

बाबा चिडवायचे. "डॉर्कस, त्याच्या स्वयंपाकघरात हे एवढं मोठं घड्याळ आहे!"

"बंद पडलं असेल."

"मीच दुरुस्त केलंय. बंद पडायला काय झालं त्याला!"

आत्या लाल व्हायची आणि उगीच वायरी पुसत बसायची.

एका जानेवारीत, भर दुपारी, सेथचं झाकण पडलं. आत्या दोनदा "बोला" म्हणाली. उत्तर नाही, नुसती धाप ऐकू येत होती. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्याच्या शेजारच्या मळ्यावर जोडून म्हणाली, "हातातलं टाका आणि सेथकडे पळा. काय झालंय ते मलाही माहीत नाही. आधी पळा!" मग तिनं डॉक्टर कुठे आहेत ते हुडकून काढलं.

वळूनं सेथला भिंतीशी चेचलं होतं. बरगड्या मोडलेल्या, आणि तशात तो बर्फातून सरपटत फोनपर्यंत आला होता. तो वाचला.

बर्फ वितळल्यावर तो काठी टेकत आमच्याकडे आला. टोपी हातात धरून बोर्डापाशी उभा राहिला. मी दारातच होते, पण त्याला माझं भान नव्हतं.

"डॉर्कस, माझ्याशी लग्न करशील?"

तेवढ्यात एक झाकण पडलं. आत्यानं आधी तो फोन जोडून दिला, मग वळून म्हणाली, "आणि इथे कोण बसणार? मेबल?"

"मी थांबेन."

"कधीपर्यंत?"

"ते तुला तरी कुठे ठाऊक आहे?"

तो थांबला. एक ना दोन, नऊ वर्षं. दर रविवारी चर्चनंतर आमच्याकडे जेवायला यायचा. आत्या बोर्डापाशी खायची आणि तोही आपली ताटली घेऊन तिथेच बसायचा.

मग चर्चमागे विटांची एक खोली उभी राहिली आणि तिच्यात आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं. गाव कुरकुरलं. "डॉक्टर कुठे गेलेत ते हे यंत्र सांगणार आहे का?" आमच्याकडचा बोर्ड टेलिफोन खात्याच्या माणसांनी उचकटून नेला. बाबा हळहळले, पण आत्या बघायलाही बाहेर आली नाही. ती वरच्या खोलीत ट्रंक भरत होती.

त्याच महिन्यात लग्न झालं आणि दोघं वेल्सला समुद्रावर गेली. परत आल्यावर सेथ बाबांना बाजूला घेऊन काळजीनं म्हणाला, "अरे, ती सकाळी दहा-दहा वाजेपर्यंत उठतच नाही. डॉक्टरांना दाखवू का?"

"काही दाखवू नकोस," बाबा म्हणाले. "दार लोटून घे आणि तुझा चहा तू कर."

सेथनं ते ऐकलं. पुढे तो गेला तोपर्यंत त्या घरात सकाळचा चहा त्यानंच केला.