बारावी कोल्हापुरात

दोन वर्षांपूर्वीचा एकवीस मे, सकाळचे अकरा. रक्कम तीन लाख साठ हजार रुपये. हजर माणसं पाच: बारदानवाले अण्णा, त्यांची बायको, त्यांची थोरली मुलगी, मी आणि माझी बायको. ठिकाण निपाणीतलं आमचं घर, पुढची खोली.

अण्णा आमच्याच गल्लीतले. तंबाखूच्या व्यापाऱ्यांकडची फाटकी पोती घ्यायची, शिवून घ्यायची आणि परत विकायची, हा त्यांचा धंदा. मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो. माझी मुलगी त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्रातल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात लागली होती. आमच्या सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी तिकडे काही जागा असतात, त्यातून. फी तिकडच्या मुलांएवढीच. तेव्हापासून दहावी-बारावीच्या मुलांचे आईबाप माझ्याकडे येऊ लागले. मी कागद घेऊन बसायचो आणि कॉलेज संपेपर्यंतचा खर्च मांडून द्यायचो. पैसे घेत नव्हतो. लोक मान द्यायचे, ते मला आवडायचं.

"अकौंटंटसाहेब, एवढंच हाय बघा," अण्णा म्हणाले. "पोतं उलटं करून झटकलं तरी आणि काय पडायचं न्हाय."

मुलीला दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले होते. तिला विचारलं, काय करायचं?

"कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, काका. दुसरं काय न्हाय."

"घरातला मोबाईल दुरुस्त हुईना हिला, आणि कॉम्प्युटर म्हणं," तिची आई म्हणाली.

"तू त्यो पिठात पाडलास, आई."

सगळे हसले. मी आकडे मांडायला घेतले. अकरावी-बारावी बेळगावात करायची तर कॉलेज, हॉस्टेल आणि क्लास धरून वर्षाला एक लाख दहा हजार. हा आकडा माझ्याच मुलीचा होता, पावत्यांसह. दोन वर्षांत दोन लाख वीस हजार गेले की हातात एक लाख चाळीस उरणार. त्यात इंजिनिअरिंगची चार वर्षं बसत नव्हती.

"हिची मावशी कुठं असते?" मी विचारलं.

"कोल्हापुरात. का वो?"

मावशीकडे राहून कोल्हापुरात अकरावी-बारावी केली तर वर्षाला अठ्ठावीस हजार. म्हणजे दोन वर्षांचे छप्पन्न. उरले तीन लाख चार हजार. पुढं सरकारी कॉलेजची फी, राहणं, जेवण धरून वर्षाला बहात्तर हजार. चार वर्षांचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी. वर सोळा हजार राहत होते. मी कागद अण्णांच्या पुढं सरकवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि बनियनच्या आतल्या खिशात ठेवला.

"सोळा हजार उरत्यात म्हणं गं," ते बायकोला म्हणाले. रक्कम खरोखर हातात आल्यासारखे.

बेरीज बरोबर होती. ती नंतर मी कितीतरी वेळा तपासली.

मुलगी कोल्हापूरला गेली. दिवाळीला यायची तेव्हा आमच्याकडे डोकावायची. मावशीच्या घरी आठ माणसं होती, ही स्वयंपाकघरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर अभ्यासाला बसायची. एकदा माझ्या बायकोनं विचारलं, तिकडं करमतं का? "न्हाय करमत," ती म्हणाली, "पण काकांच्या कागदावर दोनच वर्षं हाईत." बारावीत उत्तम मार्क पडले. प्रवेश परीक्षेत एक्याण्णव पर्सेंटाइल. माझ्या मुलीला एवढे नव्हते.

जुलैत कागदपत्रांच्या तपासणीला अण्णा, मायलेकी आणि मी, असे आम्ही चौघं कोल्हापूरला गेलो. खिडकीतला माणूस वयानं पन्नाशीचा, बोलायला बरा. त्यानं एकेक कागद बघून पालथा ठेवला आणि दोन कागदांवर थांबला.

"दहावी कुठनं केलीस, पोरी?"

"निपाणी."

"आणि बारावी हितनं. मग ही सीमाभागाची जागा कशी मागतीस?"

मी पुढं झालो. म्हटलं, रेशनकार्ड निपाणीचं आहे, शाळा मराठी आहे, घरदार सीमाभागातलं आहे.

"ते सगळं खरं हाय वो. पण दहावी आणि बारावी, दोन्ही सीमाभागातनं लागत्यात. दोन्ही तिकडं केली असती तर बसली असती. न्हायतर राहणं, शिकणं सगळं हिकडंच पायजे हुतं." त्यानं माहितीपुस्तिका काचेखालून माझ्याकडे सरकवली. "कुणी सांगितलं हिला बारावीला हिकडं यायला?"

अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, हे मला कळत होतं. मी पुस्तिकेतली ती ओळ वाचली. लहान अक्षरात नव्हती. माझ्या मुलीच्या वेळी हीच पुस्तिका माझ्याकडे होती. तिची दहावी निपाणीत, बारावी बेळगावात. अट आपोआप पुरी झाली होती, म्हणून ती अट आहे हेच माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी फक्त फीचं पान पाठ केलं होतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं.

"गॅसच्या पावतीच्या मागचं बी वाचता की वो तुम्ही," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बेळगावला, कर्नाटकातल्या कॉलेजात तरी जागा मिळते का बघायला. या बसला मायलेकींना तिकीट नव्हतं, कर्नाटकात राज्यातल्या राज्यात बायकांना फुकट. कोल्हापूरच्या बसला त्यांचं पूर्ण तिकीट पडलं होतं. तिथल्या प्रवेशाच्या कचेरीतल्या बाईंनी कन्नडमध्ये पहिलाच प्रश्न विचारला, बारावी कुठली? कोल्हापूर म्हटल्यावर त्यांनी फाईल मिटली. दहा वर्षं इथं शिकलेली मुलगी आहे, असं मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी मराठीत उत्तर दिलं, बहुतेक माझी दया येऊन. "बारावी इथनंच पाहिजे, सर. मी काय करू?" पुन्हा इथनं बारावीला बसवता येईल का, तेही विचारलं. पास झालेल्या मुलीला नाही, म्हणाल्या.

त्यानंतरचे अठरा दिवस मी जे केलं त्याचा उपयोग शून्य. कोल्हापूरच्या खिडकीवर अण्णा आणि मी पुन्हा गेलो. तोच माणूस, तेच उत्तर. तहसीलदार कचेरीत रहिवासी दाखला मिळाला. तो आमच्याकडे आधीच होता. एका पुढाऱ्याला भेटलो. ते म्हणाले हा सीमाभागावरचा अन्याय आहे, निवेदन द्या. निवेदन दिलं, पोच मिळाली. अन्याय माझ्या पेन्सिलीनं केला होता, हे त्यांना सांगून काय होणार होतं?

एका खाजगी कॉलेजात बाहेरच्या राज्यातली म्हणून जागा मिळत होती. राहण्या-जेवणासकट वर्षाला एक लाख नव्वद, चार वर्षांचे सात लाख साठ हजार. मी अण्णांच्या दुकानात गेलो. ते पोत्यांच्या थप्पीवर बसले होते. म्हटलं, एक लाख मी घालतो. परत द्यायचे नाहीत.

"दादा," ते म्हणाले. साहेब म्हणायचं त्यांनी कोल्हापूरहून आल्यापासून सोडलं होतं. "तुमचं लाख धरलं तरी तीन लाख छप्पन्न हजार कमी पडत्यात. मी केला हिशेब. आणि धाकटी आठवीत हाय."

"कर्ज..."

"फेडणार कोण? मी का ती? तिला नोकरी लागायच्या आधीच बोजा." त्यांनी सुतळीचा गुंडा उचलला. "जाऊ द्या. तुम्ही काय मुद्दाम केलं व्हय?"

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. आजही वाटतं.

चार ऑगस्टला मुलीचा प्रवेश निपाणीतल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला घेतला. हजर माणसं तीन: अण्णा, मुलगी आणि मी. मला बोलावलं नव्हतं, पण फॉर्म भरायला कुणीतरी लागेल म्हणून मी गेलो होतो. फॉर्म मुलीनं स्वतःच भरला. मी बघायला हात पुढं केला तेव्हा तिनं तो दिला नाही. अटींचं पान काढलं, त्यावर बोट ठेवून सावकाश ओठातल्या ओठात वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग सही केली.

फी बारा हजार तीनशे चाळीस रुपये. काउंटरवरच्या बाईंना रोख दिली, पावती मुलीनं घेतली.

बाहेर आल्यावर अण्णांनी खिशातून वेगळे बांधून ठेवलेले पैसे काढले. कोल्हापूरच्या माझ्या दोन खेपांचं एसटीचं भाडं, जाऊन-येऊन, दोनशे बहात्तर रुपये. सुट्ट्या दोन रुपयांसकट. ते मला दिले, आणि मी घेतले.